कपड्याची आतली बाजू

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने क्लब हाऊसमध्ये ठेवलेल्या कार्यक्रमातलं माझं भाषण. कमिटीने लिहून मागितलं, म्हणून बोलले तसंच दिलं आहे.)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीची सगळी मंडळी, महिला मंडळातल्या मैत्रिणींनो आणि 'हा विषय काही आपला नाही' असा चेहरा करून मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या समस्त पुरुषमंडळींनो, नमस्कार.

मंडळाने मला विषय दिला, 'डिझायनर कपडे स्वस्तात कसे घ्यावेत?' माझंच नाव का पुढे आलं ते बहुतेकांना ठाऊक आहे. मी सत्तावीस वर्षं अंधेरीच्या एका एक्सपोर्ट कंपनीत चेकिंग खात्यात होते. म्हणजे सकाळी इथून लोकल पकडायची आणि परदेशात विकायचे शर्ट, ब्लाउज, फ्रॉक दिवसभर उलटे करून बघायचे. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण लिफ्टमध्ये माझी ड्यूटी चालूच आहे. कुणीतरी पिशवी उघडतं आणि विचारतं, "काकू, हा ओरिजिनल आहे का हो? साडेतीन हजारांचा सहाशेला मिळाला." तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात उत्तर द्यायचं. आज जरा निवांत बोलायला मिळतंय.

आधी एक सांगून टाकते. स्वस्त घेण्यात कमीपणा काही नाही. सेलमधून आणलेला कपडा 'शोरूममधून घेतला' म्हणून सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि रस्त्यावरून घेतलेल्या टॉपला मॉलची पिशवी लावून आणणाऱ्याही. कशाला? एकाच मशीनवर, एकाच बाईच्या हातून निघालेले दोन शर्ट असतात. एक परदेशातल्या काचेच्या दुकानात जातो, दुसरा फॅशन स्ट्रीटच्या हँगरवर. कापड तेच, टाके तेच.

विचारायचं ते एवढंच, की किंमत उतरली ती कशातून उतरली? दुकानाचं भाडं, जाहिरात, ब्रँडचं नाव, सरलेला हंगाम यातून उतरली असेल तर खुशाल घ्या. कापडातून आणि शिवणाऱ्याच्या हातातून उतरली असेल, तर तुम्हाला सवलत मिळालेली नाही, तेवढा माल कमी मिळाला आहे. माझं सगळं बोलणं याच्याभोवती फिरणार आहे. ज्यांना चहाची घाई आहे त्यांनी एवढं ऐकून उठलं तरी चालेल.

आता एक्सपोर्ट सरप्लस. हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण हा माल तयार कसा होतो हे फार थोड्यांना माहीत असतं. समजा परदेशी कंपनीने दहा हजार शर्टांची ऑर्डर दिली. आम्ही कटिंग दहा हजारांचं करत नसू, थोडं जास्त करायचो. कारण कापडाच्या ताक्यात कुठे गाठ निघते, कुठे रंगाचा पट्टा निघतो, शिवताना दोन-चार बिघडतात, इस्त्रीत एखादा पिवळा पडतो. शेवटी खोक्यात दहा हजार चांगले भरले गेले पाहिजेत. पण सगळं नीट पार पडलं तर वरचे शिल्लक राहतात, कारण गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा फार जास्त माल घेत नाही. हे झाले अगदी बिनदोष शिल्लक कपडे. दुसरे आमच्या हातून बाजूला काढलेले. टाका सुटला, डाग पडला, एक बाही अर्ध्या इंचाने लांब. दोष जिथे असेल तिथे आम्ही बाणाचं छोटं स्टिकर लावायचो. आणि तिसरा प्रकार म्हणजे रद्द झालेली ऑर्डर. माल उशिरा तयार झाला की गिऱ्हाईक म्हणणार, विमानाने पाठवा, नाहीतर किंमत कमी करा, नाहीतर नको. कधीकधी खरंच 'नको' होतं आणि मालक डोक्याला हात लावून बसतो. अशा वेळी व्यापारी येतो आणि सगळा लॉट एकरकमी उचलतो. तिथून तो माल फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, हिल रोड, कुलाबा कॉजवे करत आपल्यापर्यंत येतो. तिरुपूरचे टी-शर्ट, बेंगळुरूचे शर्ट-पँट, लुधियानाचे स्वेटर, सगळ्यांची साधारण हीच कथा.

कंपनीचं लेबल लावून हा माल बाहेर विकायचा नाही, अशी बहुतेक गिऱ्हाइकांची अट असते. म्हणून मानेजवळचं लेबल मधोमध कापतात किंवा त्याच्यावर काळी रेघ मारतात. यामुळे बाजारात असा समज झाला, की लेबल कापलेलं म्हणजे अस्सल. मग काय, नकली माल करणाऱ्यांनीही लेबल लावून ते कापायला सुरुवात केली! आपल्या शेजारच्या उल्हासनगरवरचा 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद तुम्हाला माहीत आहे. विनोद सोडा, तिथल्या जीन्स शिवणाऱ्यांचा हात काही साधा नाही. पण तो माल त्यांच्या नावाने घ्यावा, दुसऱ्याच्या नावाने कशाला?

तेव्हा लेबल बघू नका, कपडा उलटा करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

उलटा केल्यावर पहिली बघायची ती माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी शोधला त्याला माझा नमस्कार. सत्तावीस वर्षांत इंग्रजीतली शंभर नावं शिकले, पण इतका नेमका शब्द एकही नव्हता. कपडा स्वस्त करायचा झाला की सगळ्यात आधी माया कापतात. एका शर्टात पाव इंच वाचला तर दहा हजारांत किती कापड वाचेल, हिशोब करा. अशा कपड्याची शिवण काखेत आणि बुडाशी उसवते, आणि मग सैल करायचा म्हटलं तर शिंप्याला हाताशी काही सापडत नाही.

मग टाके मोजा. बोटाच्या दोन पेरांत, म्हणजे साधारण दोन इंचांत, चांगल्या शर्टाला वीस-बावीस टाके असतात. घाईच्या मालाला चौदा-पंधरा. जास्त टाके म्हणजे मशीनवरचा जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे पैसा. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशाची चौकट खालच्या चौकटीशी जुळते का बघा. ती जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून नकली माल करणारा तिथे हमखास पैसे वाचवतो. मला विचाराल तर ही एकच खूण लेबलापेक्षा दहापट विश्वासाची आहे. टी-शर्ट असेल तर खालची कड दोन्ही हातांत धरून लटकवा. बाजूची शिवण वळत वळत पोटावर येत असेल तर ठेवून द्या, धुतल्यावर आणखी फिरेल. बाही आणि अंगाचा रंग एकच आहे का हे दुकानातल्या दिव्याखाली कळत नाही. कपडा दाराशी आणा, उजेडात बघा. बटण हलकेच ओढा. काजाच्या कडा बघा, तिथे दोरे फुलले असतील तर शिवणाऱ्याला दोष देऊ नका, त्या काजाला जेवढे टाके द्यायला हवे होते तेवढे देऊ दिलेले नाहीत.

आतल्या बाजूला शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी असते. लोक ती टोचते म्हणून कापून टाकतात. कापण्याआधी वाचा. कापसाचं किती टक्के, पॉलिएस्टर किती, कुठे तयार झाला, सगळं असतं. अमेरिकेला जाणाऱ्या मालावर बऱ्याचदा 'आरएन' अशी दोन अक्षरं आणि पुढे आकडा असतो. तो तिथल्या सरकारी खात्याने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक असतो आणि त्या खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव कळतं. मानेवर एक नाव आणि आकडा दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर काय समजायचं ते समजा. नातवंडांना हा खेळ शिकवा, ती पटापट शोधतात.

सरप्लसमधला दोषी कपडा घ्यावा की नाही? जरूर घ्यावा, फक्त दोष कुठे आहे ते आधी शोधून. बाणाचं स्टिकर निघालेलं असलं तरी कधीकधी त्याचा चिकटपणा राहतो, तिथे बघा. बटण तुटलं, खालची दुमड उसवली, आत दोरा लोंबतोय, हे घरी दहा मिनिटांत होतं. पण कापडातच वीण सुटली असेल, खांद्याची शिवण वाकडी असेल किंवा दोन्ही बाह्या वेगळ्या मापाच्या असतील, तर फुकट दिला तरी नको.

आता मागच्या खुर्च्यांनी जरा पुढे सरकावं, हिशोब आलाय.

'५० टक्के + २० टक्के सूट' अशी पाटी लागली की सत्तर टक्के वाटतात. ४,९९९ चा कुर्ता. निम्मे झाले २,४९९.५०. आता वीस टक्के मूळ किमतीवर मिळत नाहीत, या निम्म्यावर मिळतात. म्हणजे ५०० कमी, साधारण दोन हजार. एकूण सूट साठ टक्के. 'दोनवर एक फ्री' म्हणजे तेहेतीस टक्के, तेही तिसरा कपडा तुम्हाला खरंच हवा असेल तर. 'अप टू ७०' मधलं 'अप टू' पाटीवर बारीक अक्षरात असतं आणि सत्तरवाला एकच हँगर कोपऱ्यात असतो, त्यावर फक्त एकाच मापाचे कपडे.

आणि मुळात ४,९९९ हा आकडा कुणी ठरवला? ज्याने सूट दिली त्यानेच. काही माल पहिल्या दिवसापासून सेलसाठीच तयार होतो. त्या किमतीला तो कधीच विकला गेलेला नसतो. फॅक्टरी आउटलेटमध्ये गेलात तर हे विशेष लक्षात ठेवा. तिथे दोन जातींचा माल शेजारी शेजारी असतो. एक शोरूममध्ये न विकला गेलेला मागच्या हंगामाचा, हा घ्यावा. दुसरा आउटलेटसाठीच हलक्या कापडात शिवलेला. नाव एकच, आत फरक. ओळखायचं कसं? पुष्कळ टॅगांवर कपडा कोणत्या महिन्यात-वर्षात तयार झाला ते छापलेलं असतं. मागच्या वर्षीचा महिना असेल तर तो बहुधा खरा शिल्लक माल. दोन महिन्यांपूर्वी तयार झालेल्या कपड्यावर लगेच साठ टक्के सूट असेल तर आत बघा, माया मोजा. मूळ किमतीवर नवं स्टिकर चिकटवलं असेल तर तेही नखाने उचलून बघा. किंमत कमी करणारं स्टिकर लावायला कायद्याने परवानगी आहे, पण जुनी किंमत झाकायला नाही आणि वाढवायला तर नाहीच.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. सूट दिल्यानंतर बिलात वर कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली एका कपड्यांच्याच प्रकरणात सांगितलं. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथाच आहे. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून घाबरायचं कारण नाही. सदोष निघालेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देता येत नाही. मात्र 'रंग सुनेला आवडला नाही' हा दोष नव्हे, हे मी विशेष करून आमच्या मजल्यावरच्या मैत्रिणींसाठी सांगते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

आता मी जे सांगणार आहे त्यासाठी सी विंगमधल्या एका घराची परवानगी घेतली आहे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या मनात एक लेहंगा होता, एका प्रसिद्ध डिझायनरच्या लेहंग्यासारखा. फोनवर एक जाहिरात आली, फोटो हुबेहूब तोच, किंमत ९,९००. हे लोक काही भोळे नाहीत. पण त्या वर्षी वडिलांची नोकरी गेली होती आणि मुलीची हौस तर पुरवायची होती. अशा वेळी माणूस दहा वेळा विचार करून सुद्धा बरोबर तिथेच पाय टाकतो. सगळे पैसे आधी भरले. लग्नाला अठरा दिवस राहिले असताना पार्सल आलं. आई ते घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा पिशवी उघडायच्या आधीच डिंकाचा वास आला. नेटचं कापड, मशीनचं भरतकाम, प्लास्टिकचे खडे चिकटवलेले, आणि चोळी दोन मापं लहान. फोन लावला तर नंबर बंद. दोन दिवसांत ते पानही गायब.

त्या माउलीने मला पहिला प्रश्न काय विचारावा? "काकू, हे लोकांना कळेल का हो?" पैसे गेले याचं दुःख नंतर, फसलो हे कळेल याची लाज आधी. मंडळी, या लाजेवरच त्यांचा धंदा चालतो. कुणी बोलत नाही, म्हणून दुसरं घर फसतं. मी त्यांना ही गोष्ट सांगू का विचारलं ते यासाठीच, आणि त्यांनी हो म्हटलं याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे.

असं झालं तर त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. यांनी चार दिवसांनी कळवलं, तोवर खातं रिकामं झालेलं होतं. घेण्याआधी फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तो कुणाचा आहे ते कळतं. विकणाऱ्याचा पत्ता आणि जीएसटी नंबर मागा. नंबर पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नोंदणीचं नाव दिसतं. जो विकणारा नंबर द्यायला कां-कूं करतो, त्याला पैसे द्यायला आपणही कां-कूं करावी.

पण या सगळ्याच्या आधी एक साधा हिशोब आहे. हाताने जरदोजी केलेल्या लेहंग्यावर, समजा, चार कारागीर दहा दिवस बसले. झाले चाळीस रोज. एका रोजाचे आठशे धरा. बत्तीस हजार नुसती मजुरी झाली. कापड, जर, अस्तर, शिलाई, डिझायनरचं नाव, दुकानाचा एसी, हे अजून धरलेलंच नाही. मग हातकामाचा लेहंगा ९,९०० ला कसा येईल? एक तर हातकाम नाही, नाहीतर त्या चाळीस रोजांचे पैसे कुणीतरी बुडवले आहेत. 'फर्स्ट कॉपी' म्हणून जे विकतात त्याला हाच हिशोब लावा. वर, ज्या डिझायनरने ते नक्षीकाम कागदावर काढलं त्याचीही ती चोरीच.

मोठ्या डिझायनरचा खरा कपडा कमी किमतीत मिळण्याचे रस्ते आहेत, पण ते थोडे आहेत. हंगाम संपल्यावरचा सेल, सॅम्पल सेल (यात मापं लहान असतात, आपल्यासारख्यांनी फार आशा धरू नये), एकदाच वापरलेला कपडा, आणि भाड्याने. लग्नातला लेहंगा भाड्याने घेण्यात मला तरी काही गैर दिसत नाही. फेटा, शेरवानी आणि घोडा आपण भाड्यानेच आणतो, तेव्हा कुणी विचारत नाही.

सी विंगच्या मुलीचं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचंय. आम्ही तिघी काळबादेवीला मंगळदास मार्केटमध्ये गेलो. रॉ सिल्क मीटरवर घेतलं, अस्तर घेतलं. आजीची एक जुनी जरीची साडी होती, अंग पार विरलेलं, काठ मात्र टणटणीत. तो काठ उसवून घेराला लावला. आपल्या स्टेशनजवळच्या मास्तरांनी बारा दिवसांत शिवून दिला आणि प्रत्येक शिवणीत दीड इंच माया ठेवली. सगळं मिळून अकरा हजार तीनशे. मुलगी आज इथे बसलेली आहे, दुसऱ्या रांगेत. तिला मी उभं राहायला सांगणार नाही. नंतर चहाच्या वेळी तिचे फोटो जरूर बघा.

यावरून आठवलं. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेऊ नका हो! आजीच्या वेळच्या साड्यांत खऱ्या चांदीची जर असायची. आता बाजारात तीन तऱ्हेची जर मिळते. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. 'टेस्टेड' म्हणजे तांब्याची तार. आणि तिसरी, प्लास्टिकची चमक. तिन्ही नव्या असताना सारख्याच चमकतात.

आता पैठणी. कुणी म्हणेल, डिझायनर कपड्यांत पैठणी कुठून आली? मी म्हणते, तिच्याइतकी डिझायनर दुसरी कुठली? बांगडी-मोर, आसावली, मुनिया, नारळी काठ ही नक्षी कुणीतरी डोक्याने रचलेलीच आहे, फक्त त्याचं नाव लेबलावर नाही. आणि सवलतीच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसवणूक मी हिच्यातच पाहिली आहे. 'ओरिजिनल पैठणी, चाळीस टक्के सूट', आणि आत यंत्रमागावरची सेमी पैठणी. सेमी घ्या की! हळदीकुंकवाला, रोजच्या समारंभाला ती छानच दिसते, सांभाळायची चिंता नाही. पण सेमीचे पैसे देऊन घ्या.

ओळख पुन्हा तीच, पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या काडीवरून विणलेला असतो आणि शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, त्यामुळे मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावर मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. रेशमाची परीक्षा करायची तर पदराच्या टोकाचा एखादा धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडली जाणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. 'सिल्क मार्क' हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून आलेलं लेबल. ते शुद्ध रेशमाची खात्री देतं, हातमागाची देत नाही. हातमागासाठी २००६ पासून वेगळा 'हँडलूम मार्क' आहे. दुकानदार पहिलं दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतो, आणि आपण लेबल आहे ना म्हणून मान डोलावतो.

पैठणी खरोखर कमी किमतीत हवी असेल तर येवल्याला किंवा पैठणला जा, विणकराच्या घरी. तिथे पन्नास टक्क्यांची पाटी नसते. पण मधल्या दोन हातांचा नफा आणि शोरूमचं भाडं त्या किमतीत नसतं. पदराच्या कामाप्रमाणे एका साडीला महिना लागतो, कधी अनेक महिने लागतात. मागावर बसलेल्या माणसाचा हात किती सावकाश पुढे सरकतो ते पाहिल्यावर घासाघीस करायला तोंड उघडत नाही. निदान माझं तरी उघडलं नाही, आणि मी लिंकिंग रोडवर आठशेचा टॉप अडीचशेला आणणारी बाई आहे.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. आमच्या खात्यात मी दोन्ही बाजू पाहिल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, प्रत्येक शर्टामागे एवढे सेंट कमी करा. मालक कापडवाल्याशी भांडायचा, मग बटणवाल्याशी, आणि शेवटी जिच्याशी भांडायची गरजच नाही तिच्याकडे यायचा. पीसवर काम करणारी बाई. दिवसाला आधी जेवढे पीस, त्याच पैशात आता त्यापेक्षा जास्त. मग माझ्या टेबलावर सुटलेले टाके वाढायचे आणि मला त्या टाक्यांवर बाण लावायचा असायचा. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते, परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी लोकांना कामावर बोलावलं. ११०० पेक्षा जास्त माणसं गेली, त्यात बायका फार. दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीत मशीनची धडधड नेहमीसारखीच होती, पण जेवणाच्या सुट्टीत कुणी फारसं बोललं नाही. सगळ्याजणी छताकडे बघत होत्या. स्वस्त कपडा हातात घेतला की ते छत मला अजून दिसतं. म्हणून मी आधी शिवण बघते.

पुरे. चहा गार होतोय आणि सेक्रेटरी घड्याळाकडे बघतायत. शेवटी दोन कामाच्या गोष्टी. येवल्याला जायला मंडळ मिनीबस ठरवतंय, तारीख नोटीस बोर्डावर लागेल. पहाटे निघावं लागेल, तेव्हा ज्यांना आठच्या आधी जाग येत नाही त्यांनी नाव देऊ नये. आणि आता लिफ्टमध्ये मला थांबवू नका. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार ते पाच मी इथेच टेबल टाकून बसेन. घेतलेला कपडा, घ्यायचा असलेला कपडा, जाहिरातीचा फोटो, काहीही आणा. फुकट बघून देईन. फक्त येताना कपडा धुऊन आणू नका, टॅग कापू नका आणि बिल घेऊन या.